तळाशी उपडे पडलेले विमान नेमके कोणते?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी बर्मिंगहॅमजवळ राहते. काही वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो असताना आम्ही कॉसफर्ड येथील ब्रिटिश हवाई दलाचे संग्रहालय पाहिले. तेथे प्लास्टिकच्या लांबट बोगद्यांत एका जुन्या जर्मन बॉम्बर विमानाचे अवशेष ठेवले होते आणि त्यांच्यावर सारखे फवारे उडत होते. पत्रा खाऊन जाळीसारखा झालेला, नाकाकडच्या काचा गेलेल्या. तरीही हे विमान कोणत्या जातीचे, कोणत्या तुकडीचे आणि कोणत्या दिवशी पडले, हे सारे तेथील माणसे ठामपणे सांगत होती. सत्तर वर्षे समुद्रात राहिलेल्या सांगाड्यावरून इतके नेमके कसे कळते? की अंदाजच ठोकून देतात? आणि ते फवारे कशासाठी?
– एक निवृत्त वाचक, पुणे

उत्तर : आपण पाहिलेत ते डॉर्निअर १७ या जातीचे विमान. लांब आणि चिंचोळ्या धडामुळे त्या काळी त्याला ‘उडती पेन्सिल’ म्हणत. या जातीची दोन हजारांहून अधिक विमाने बनली, परंतु त्यांतले बऱ्याच अंशी सलग असे आज जगात हे एकच शिल्लक आहे. अंदाज ठोकून देतात का, ही आपली शंका रास्त आहे. ‘हे कोणत्या जातीचे विमान’ आणि ‘हे त्या जातीतले नेमके कोणते विमान’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर बहुधा धातूच देतो, दुसऱ्याचे मात्र कागदपत्रांशी गाठ घातल्याशिवाय मिळत नाही. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते आणि म्हणून सगळेच अंदाजपंचे वाटू लागते.

इंग्लंडच्या केंट परगण्यात डील नावाचे गाव आहे. त्याच्यासमोर समुद्रात गुडविन सँड्स हा वाळूचा विस्तीर्ण दांडा आहे. ओहोटीला त्याचा काही भाग उघडा पडतो, भरतीला बुडतो आणि वाळू सतत जागा बदलत राहते. आजवर शेकडो जहाजे तेथे रुतून नाहीशी झाली आहेत. २००८ मध्ये बुडी घेणाऱ्या माणसांना तेथे सुमारे १५ मीटर खोलीवर एक विमान दिसले. वाळूखाली झाकले गेल्यामुळे ते इतकी वर्षे टिकले आणि तीच वाळू सरकल्यामुळे उघडे पडले. उघडे पडलेले विमान फार काळ तग धरत नाही, हेही तेव्हाच उमगले.

पाणी गढूळ असले की अशा ठिकाणी कॅमेऱ्यापेक्षा सोनार, म्हणजे ध्वनीच्या पडसादांवरून चित्र काढणारे यंत्र, अधिक उपयोगी पडतो. बोटीमागून ओढल्या जाणाऱ्या यंत्रातून दोन्ही बाजूंना तिरका ध्वनी सोडतात. धातू तो जोरात परतवतो, म्हणून चित्रात उजळ दिसतो, आणि त्याच्या मागे जेथे ध्वनी पोहोचतच नाही तेथे काळी सावली उमटते. जाणकार माणूस वस्तूइतकेच या सावलीकडे लक्ष देतो, कारण उंचवट्याचा आकार सावलीतच नीट दिसतो. गुडविनच्या चित्रात दोन पंख, दोन इंजिने आणि धड स्पष्ट होते. फक्त विमान उपडे होते. त्यामुळे ओळखीसाठी नेहमी पाहतात तो वरचा भाग वाळूत होता आणि पोट व चाकांची बाजू वर होती.

मग सुरू झाली गाळणी. दोन इंजिने आणि शेपटीला दोन उभे पंख, अशी विमाने त्या आकाशात बरीच होती. जर्मनांचे मेसरश्मिट ११० तसेच होते, पण त्याची इंजिने पाण्याने थंड होणारी, लांबट होती. गुडविनच्या विमानाची इंजिने वाऱ्याने थंड होणारी, म्हणजे सिलिंडर सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे गोल मांडलेली अशी होती, त्यामुळे ११० बाद झाले. डॉर्निअर २१५ हे १७ चेच भावंड, परंतु त्यालाही लांबट इंजिने असत. ब्रिटिशांच्या हँपडेन बॉम्बरची इंजिने मात्र गोल, नऊ सिलिंडरचीच, आणि शेपटीही दुहेरी. युद्धकाळात हँपडेन आणि डॉर्निअर एकमेकांसारखी दिसत असल्यामुळे हवेतसुद्धा घोटाळे झाले, तेव्हा समुद्राच्या तळाशी कोणी गोंधळला असता तर त्याला दोष देता आला नसता. येथे धडाने निकाल लावला. हँपडेनचे धड मागे जाताना एकदम बारीक होऊन दांड्यासारखे होते, डॉर्निअरचे तसे होत नाही. उरले डॉर्निअर १७ चे ‘झेड’ हे रूप. त्याला ब्रामो कंपनीची ‘फाफ्निर’ नावाची नऊ सिलिंडरची इंजिने असत.

येथपर्यंत जात कळली. आता नेमके विमान. २६ ऑगस्ट १९४० रोजी, ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ हे दुसऱ्या महायुद्धातले हवाई युद्ध ऐन भरात असताना, बेल्जियममधून निघालेली डॉर्निअर विमाने इंग्लंडमधील विमानतळांवर बॉम्ब टाकण्यासाठी येत होती. ब्रिटिशांच्या २६४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या ‘डिफायंट’ लढाऊ विमानांनी त्यांना गाठले. त्यातल्या एका डॉर्निअरच्या वैमानिकाने चाके न उघडता विमान गुडविनच्या वाळूवर पोटावर उतरवले. पुढे ते बुडून उलटे झाले. चौघांपैकी दोघे वाचले आणि युद्धकैदी झाले, दोघे दगावले. त्या विमानाचा कारखान्यातला क्रमांक ११६० आणि अंगावरची खूण ‘५के+एआर’ अशी नोंदलेली आहे. गुडविनचे विमान तेच, असे मानले जाते.

ही खूण वाचण्यात एक गंमत आहे, म्हणून थोडा थांबतो. जर्मन हवाई दलात विमानाच्या अंगावर रंगवलेल्या क्रॉसच्या (लिहिताना ‘+’) डावीकडचा अंक-अक्षरांचा जोड मोठी तुकडी सांगत असे. ‘५के’ म्हणजे तिसरी बॉम्बर तुकडी. उजवीकडचे पहिले अक्षर त्या एका विमानाचे आणि शेवटचे अक्षर पोटतुकडीचे. ‘आर’ म्हणजे सातवी. म्हणजे चार अक्षरांत मोठी तुकडी, पोटतुकडी आणि विमान, असा आपल्या पिनकोडसारखा सारा पत्ता असे. अडचण एवढीच की हा पत्ता रंगाने लिहिलेला असे आणि समुद्रात रंग सहसा टिकत नाही. शिवाय विमान दुसऱ्या तुकडीकडे गेले की खूण पुसून नवी रंगवीत. कारखान्याचा क्रमांक मात्र जन्मभर तोच राहतो. म्हणून नोंदवहीत दोन्ही शोधावे लागतात.

या नोंदी दोन्ही बाजूंनी झालेल्या असतात, हे अशा शोधाचे मोठे भाग्य. गमावलेल्या विमानांची यादी जर्मन हवाई दलाचे पुरवठा खाते रोज ठेवत असे आणि त्यात कारखाना क्रमांक, तुकडी, ठिकाण आणि किती टक्के नुकसान हेदेखील लिहीत असे. शंभर टक्के म्हणजे विमान गेले. दुसरीकडे ब्रिटिश स्क्वाड्रनच्या दैनंदिनीत कोणत्या वेळी कोणाशी गाठ पडली ते लिहिलेले असे आणि पकडलेल्या वैमानिकांचे जबाबही घेतले जात. या कागदांवरून त्या दिवशी, त्या जागी, त्या जातीचे कोणते विमान पोटावर उतरले, याची यादी फार छोटी होते.

आता धातू त्या यादीशी जुळतो का ते पाहायचे. गुडविनच्या विमानाचे टायर हवा भरलेल्या स्थितीत सापडले. म्हणजे चाके आत दुमडलेलीच होती, जमिनीवर आपटली नव्हती. पंख्यांची पाती उतरतानाच्या आघाताने वाकलेली होती. एकूण सांगाडा सलग होता, म्हणजे विमान आकाशातून कोसळलेले नसून वैमानिकाच्या ताब्यात असताना खाली आले. बॉम्बच्या कप्प्याची दारे, चाकांची दारे, नाकाच्या काचा आणि इंजिनावरची झाकणे गायब होती, आणि आघातात किंवा लाटांत पहिल्यांदा निघतात त्या याच वस्तू. जागा, प्रकार, उतरण्याची पद्धत आणि नोंदी या चारही गोष्टी एकाच विमानाकडे बोट दाखवतात. माझ्या मते हा परिस्थितिजन्य पुरावा आहे, पण अतिशय बळकट. न्यायालयात अनेकांना याहून कमी पुराव्यावर शिक्षा झालेल्या आहेत.

विमान वर काढले ते १० जून २०१३ रोजी. आधी त्याच्याभोवती पाण्याखालीच चौकट बांधून ते अलगद उचलायचे ठरले होते. हवामानाने वेळ खाल्ला, तेव्हा चौकट सोडून विमानाच्या मजबूत भागांनाच दोर बांधून ते उचलण्यात आले.

फवाऱ्यांचे कारण रसायनाचे आहे. विमानाचा पत्रा म्हणजे शुद्ध ॲल्युमिनिअम नव्हे. मजबुतीसाठी त्यात तांबे मिसळलेले असते आणि खाऱ्या पाण्यात तेच घातक ठरते. मिठातील क्लोराइड पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत शिरून बसते. पाण्याखाली प्राणवायू कमी असताना हे पोखरणे संथ चालते. विमान हवेत आले की भराभर वाढते आणि काही महिन्यांत पांढरी भुकटी सुटू लागते. म्हणून लिंबात असते त्या सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण फवारून क्लोराइड धुऊन काढतात आणि वर साचलेला थर मऊ करतात. हे द्रावण लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी ठरवून दिले होते. आम्ल जास्त झाले तर पत्राच विरघळेल, कमी झाले तर मीठ निघणार नाही. या कामाला ठरवल्यापेक्षा जास्त वर्षे लागली, आणि खाऱ्या पाण्यातून काढलेल्या धातूच्या बाबतीत बहुधा तसेच होते.

प्रश्न : जानेवारी २०२४ मध्ये आपल्या हवाई दलाच्या हरवलेल्या एएन-३२ विमानाचे अवशेष बंगालच्या उपसागरात सापडल्याचे वाचले. तेथे तर कोणी माणूस खाली उतरू शकत नाही. मग ते तेच विमान हे कशावरून ठरले?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, ठाणे

उत्तर : हे विमान, क्रमांक के-२७४३, २२ जुलै २०१६ रोजी चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघाले होते. त्यात २९ जण होते. त्या वेळी जहाजे आणि विमाने लावून शोध घेतला गेला, पण हाती काही लागले नाही. पुढे साडेसात वर्षांनी राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने खोल समुद्रात स्वतःहून फिरणारे, माणूस नसलेले वाहन त्या भागात सोडले आणि सुमारे ३,४०० मीटर खोलीवर अवशेष आढळले. अनेक किरणांचा सोनार, त्याहून बारीक चित्र देणारा दुसऱ्या प्रकारचा सोनार आणि शेवटी छायाचित्रे अशी क्रमाने तपासणी झाली.

संरक्षण मंत्रालयाने ओळखीची जी कारणे दिली, ती मला मुद्दाम सांगावीशी वाटतात, कारण त्यांत दोन वेगळ्या जातींचे तर्क आहेत. एक, छायाचित्रांतले भाग एएन-३२ शी जुळतात. दोन, त्या भागात दुसरे कोणतेही विमान हरवल्याची नोंद नाही. पहिला तर्क जात सांगतो, दुसरा नेमके विमान सांगतो, आणि दुसरा पूर्णपणे नकारावर उभा आहे. ‘दुसरे कोणी नव्हते, म्हणून हेच’ असा तो तर्क. तो कितपत पक्का, हे यादी कितपत पक्की यावर अवलंबून असते. एकविसाव्या शतकातील विमान हरवले तर त्याची नोंद राहणारच, म्हणून येथे तो चालतो. महायुद्धाच्या काळातील एखाद्या समुद्रपट्ट्यात, जेथे एकाच आठवड्यात एकाच जातीची दहा विमाने पडली असतील, तेथे हाच तर्क कवडीमोलाचा ठरेल.

याच्याशी ताडून पाहण्यासारखे उदाहरण स्वीडनचे आहे. १३ जून १९५२ रोजी स्वीडिश हवाई दलाचे डीसी-३ विमान आठ जणांसह बाल्टिक समुद्रावर नाहीसे झाले. तीन दिवसांनी त्याच्या शोधासाठी निघालेले कॅटलिना जातीचे विमानही सोव्हिएत लढाऊ विमानांनी पाडले. त्यातील माणसे वाचली. डीसी-३ आपणच पाडले, हे रशियाकडून कबूल व्हायला १९९१ उजाडले. विमान प्रत्यक्ष सापडले ते जून २००३ मध्ये, गोत्स्का सँडन बेटाच्या पूर्वेला १२६ मीटर खोलीवर, आणि २००४ च्या मार्चमध्ये ते वर काढले. येथे कोणते विमान हा प्रश्न लवकर सुटला. पुढचे प्रश्न धातूने सोडवले. धडावरच्या गोळ्यांच्या खुणांवरून हल्ला मिग-१५ या सोव्हिएत लढाऊ विमानाचा असल्याचे दिसले आणि चालककक्षातले थांबलेले घड्याळ ११ वाजून २८ मिनिटे ४० सेकंद दाखवत होते. आठांपैकी चौघांचे अवशेष ओळखता आले. बाल्टिकचे पाणी थंड आणि कमी खारे असल्यामुळे विमान इतके टिकले. अरबी समुद्रात तेवढी अपेक्षा धरता येणार नाही.

प्रश्न : आमची मासेमारीची बोट आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात कधी लाकूड, कधी लोखंड, कधी जुन्या पिंपाचा पत्रा येतो. त्यात एखादा तुकडा विमानाचा असेल तर तो आमच्यासारख्याला ओळखता येईल का? आणि आला तर काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ओळखता येईल, आणि आपल्यासारख्यांचा हात यात आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त तयार असतो, कारण कोणत्या जागी जाळे अडकते हे तांडेलाला तोंडपाठ असते. जगात कित्येक बुडालेल्या वस्तू अशाच अडकलेल्या जाळ्यांमुळे सापडल्या आहेत.

पहिली खूण वजन. आकाराच्या मानाने तुकडा हलका लागला, लोहचुंबक चिकटला नाही आणि तांबड्या गंजाऐवजी पांढरी भुकटी असली, तर तो ॲल्युमिनिअमचा समजावा. पण ॲल्युमिनिअमच्या बोटीही असतात. बोटीचा पत्रा जाड आणि वेल्डिंग केलेला, विमानाचा बहुधा मिलिमीटरभर जाडीचा आणि रिव्हेटांनी जोडलेला. रिव्हेटांच्या ओळी सरळ, अंतर सारखे. बाहेरच्या बाजूला हात फिरवला तर पुष्कळदा रिव्हेटांची डोकी लागत नाहीत, कारण हवा अडू नये म्हणून ती पत्र्यात बसवून सपाट केलेली असतात. आतल्या पट्ट्यांना वजन कमी करण्यासाठी गोल भोके पाडलेली असतात आणि त्या भोकांच्या कडा आत दुमडलेल्या असतात. अशी भोके दिसली की मला तरी फारशी शंका उरत नाही. कोपऱ्याकोपऱ्यांत पिवळट-हिरवा रंग उरलेला असू शकतो. तो झिंक क्रोमेटचा, गंजरोधक थर.

दुसरी खूण आकडे. विमानाच्या जवळजवळ प्रत्येक भागावर त्याच्या आराखड्याचा क्रमांक ठोकलेला किंवा छापलेला असतो. भुकटीखाली तो झाकला जातो, परंतु विजेरीचा उजेड समोरून न टाकता अगदी तिरपा टाकला तर ठोकलेल्या अंकांच्या सावल्या उठून दिसतात. तारेच्या ब्रशने घासण्याचा मोह आवरावा, त्याने भुकटीबरोबर अंकही जातात. या क्रमांकाच्या सुरुवातीवरून विमानाची जात कळते. उदाहरणार्थ, ब्रिटिश ‘स्पिटफायर’च्या भागांचे क्रमांक पुष्कळदा ३०० ने सुरू होतात, कारण कारखान्यात त्या विमानाचे नाव ‘प्रकार ३००’ असे होते, आणि तपासनिसाच्या शिक्क्यात ‘६एस’ असते. पण हे क्रमांक जातीचे असतात, त्या एका विमानाचे नव्हेत. शिवाय एकाच कारखान्याचा पंप किंवा झडप अनेक जातींच्या विमानांत बसवलेली असते, म्हणून एका भागावरून निकाल देऊ नये.

इंजिनावरच्या पाटीबद्दल तर खास सावधगिरी हवी. इंजिन ठराविक तासांनंतर उतरवून दुसरे बसवतात. त्यामुळे पाटीवरचा क्रमांक इंजिनाचा इतिहास सांगतो आणि तो दर वेळी विमानाकडे नेईलच असे नाही. अमेरिकन विमानांच्या बाबतीत मात्र एक सोय आहे. १९४३ पासून विमान बेपत्ता झाले की तुकडीला एक अहवाल भरावा लागे. त्यात वैमानिक आणि इतरांच्या नावांबरोबर इंजिनांचे आणि मशीनगनचेही क्रमांक लिहिण्याची जागा असे. कोणा कारकुनाने त्या दिवशी तंबूत बसून कंटाळत भरलेला तो रकाना अनेक दशकांनी समुद्रातून आलेल्या बंदुकीशी जुळतो आणि एका कुटुंबाला आपला माणूस कोठे पडला ते कळते. सरकारी फॉर्म भरण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता काय करावे. असा तुकडा म्हणजे भंगार समजून विकण्याची वस्तू नव्हे. ब्रिटनच्या पाण्यात पडलेल्या लष्करी विमानांना १९८६ च्या कायद्याने आपोआप संरक्षण आहे आणि परवान्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. अमेरिकेनेही २००४ मध्ये आपली बुडालेली लष्करी विमाने आणि जहाजे, ती जगात कोठेही असोत, आपलीच राहतील असा कायदा केला. आपल्याकडे बुडालेल्या वस्तूंबद्दल सरकारला कळवण्याची पद्धत आहे. समुद्रावर असताना तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक उपयोगी पडतो. नळकांडे, गोळी किंवा बॉम्बसारखे काही दिसले तर ते बोटीवर हलवू नये, ठोकून पाहू नये आणि बंदरात तर अजिबात आणू नये. ऐंशी वर्षांचा दारूगोळा निकामी झालेला असतो, हा गैरसमज आहे. हाड किंवा बूट आला तर तो विमानाच्या तुकड्यापेक्षा महत्त्वाचा धरावा आणि पोलिसांना कळवावे.

बाकी वेळी चार गोष्टी कराव्यात. जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश लगेच लिहून घ्यावेत, कारण एकटा तुकडा थोडेच सांगतो, जागेसह तुकडा पुष्कळ सांगतो. खोली आणि जाळे कोणत्या दिशेने ओढत होतात तेही लिहावे, म्हणजे तो किती लांबून फरपटत आला याचा अंदाज येतो. शेजारी नाणे ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. आणि तुकडा गोड्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवू नये. बादलीत समुद्राचेच पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवावा. उन्हात ठेवलेल्या पत्र्यावरचे अंक भुकटीबरोबर झडून जातात, आणि मग तो पत्रा कोणत्या विमानाचा हे सांगायला कोणाकडेच काही उरत नाही.